भिंतीतला आरपार दगड

किल्लारीची गोष्ट बहुतेक जण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपापासून सांगतात. मला ती भिंतीपासून सांगावीशी वाटते.

तेरणेच्या काठचा तो मुलूख, म्हणजे औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांचा पट्टा, काळ्या दगडाचा आणि काळ्या मातीचा. घर बांधायचे तर दगड हाताशी होता. चुना महाग, सिमेंट परवडणारे नाही, म्हणून दगड चिखलातच बसवायचे. भिंत दोन पदरांची असे. बाहेरच्या पदराला तोंड घडवलेले, नीट दिसणारे दगड, आतल्या पदराला जरा ओबडधोबड, आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपऱ्या नि माती ठासून भरलेली. दोन फूट जाडी ही साधी गोष्ट, अडीच-तीन फुटांची भिंतही गावोगाव दिसायची. वर माळवद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या आणि त्यांवर पांढरी माती. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मातीचा नवा थर पडायचा. जुना थर मात्र कोणी उतरवत नसे. एका पिढीच्या हयातीत त्या मातीची जाडी दीड-दोन फुटांवर जाई. दहा बाय दहाच्या एका खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा-सात टन वजन झाले. माणसे रोज त्याखाली निजत होती, आणि तेच घर त्यांना सर्वांत सुरक्षित वाटत होते.

तसे वाटायला कारणेही होती. मराठवाड्याच्या वैशाखात ते घर गार राही. चोरा-दरोडेखोराला ती भिंत फोडता येत नसे. वाडा किती खणांचा आणि भिंत किती हातांची, यावर घराण्याची पत ठरे. भिंत जितकी जाड तितके घर बळकट, हा समज अनुभवातून आलेला होता. फक्त त्या अनुभवात भूकंप नव्हता.

या भिंतीत एक गोष्ट कमी होती. भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत पोहोचणारा लांब दगड. असे दगड ठरावीक अंतराने टाकले की भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांना शिवल्यासारखे धरून राहतात. जाणत्या गवंड्यांना हे ठाऊक असते. पण लांब दगड खाणीतून काढणे, तो घडवणे, उचलून बसवणे हे सगळे कष्टाचे आणि खर्चाचे काम. भिंत पूर्ण झाली की तो दगड आहे की नाही हे मालकाला दिसतही नाही. म्हणून तो गळाला. जमीन आडवी हलली की अशा भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, मधली माती खाली सरकते आणि आतून पाचर ठोकावी तशी दोन्ही पदरांना बाहेर ढकलते. भिंतीला पोट येते आणि ती कोसळते. जितकी जाड भिंत, तितका आत पडणारा दगड जास्त.

भूकंप या भागात होईल असे शास्त्राच्याही ध्यानीमनी नव्हते. दख्खनचे पठार म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचा जुना, स्थिर भाग, असे भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळेच शिकलो. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेच्या भूकंपाने त्या समजाला पहिला मोठा तडाखा दिला. त्यानंतर 1970 मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा दुरुस्त झाला आणि कोयनेचा परिसर वरच्या धोक्याच्या गटात गेला. पण तो धडा कोयनेपुरताच राहिला. तिथे धरण होते, जलाशय होता, त्यामुळे तो वेगळा प्रकार मानला गेला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, हे जिल्हे नकाशावर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटातच होते. नकाशात धोका नाही, म्हणून बांधकामाच्या नियमात नाही. नियमात नाही, म्हणून तो ना इंजिनिअरच्या शिक्षणात आला ना गवंड्याच्या कानावर गेला.

जमिनीने मात्र आधी सांगितले होते. 1992 च्या ऑगस्टपासून किल्लारीत धक्के जाणवू लागले, एक नाही, दोन नाही, कितीतरी. 18 ऑक्टोबर 1992 चा धक्का चार रिश्टरच्या वरचा होता आणि त्याने काही घरांना तडे गेले. माणसे घाबरली, बाहेर झोपू लागली. धक्क्यांची नोंद झाली, चर्चा झाली. पुढे ते कमी झाले आणि माणसे पुन्हा घरात निजू लागली. मला या वर्षभराच्या मुदतीची फार हळहळ वाटते. मोठा भूकंप येणार की नाही हे तेव्हा कोणी सांगू शकत नव्हते, आजही कोणी सांगू शकत नाही. पण भिंतीला तडा गेला होता आणि तो डोळ्यांना दिसत होता. माळवदावरची फूटभर माती उतरवायला कोणत्याही शास्त्रज्ञाच्या भाकिताची गरज नव्हती. ती उतरवा, असे सांगणारे त्या वर्षात कोणी गावात गेले नाही.

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा निजली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता 6.2 ते 6.4 च्या दरम्यान मोजली गेली. जगात दरवर्षी एवढ्या ताकदीचे शंभराहून अधिक भूकंप होतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमीही आपल्यापर्यंत येत नाही. इथे केंद्र उथळ होते, वेळ झोपेची होती, आणि वर ते माळवद होते. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, लिंबाळा, पेठसांगवी, गावामागून गाव दगडमातीचा ढीग झाला. 52 गावे जवळपास पूर्ण उद्ध्वस्त झाली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा 7,928 आहे. जखमी सोळा हजारांच्या घरात. दावणीला बांधलेली जनावरेही हजारोंनी मेली.

पुढचे दिवस पावसाचे होते. चिखल झालेल्या मातीतून लष्कराचे जवान, पोलीस, शेजारच्या गावांतली माणसे हातांनी दगड उचलत होती. यंत्रे पोहोचली, पण अरुंद बोळांत ती शिरणार कुठे? सरपण नव्हते, म्हणून पडलेल्या घरांच्या तुळया चितांना लागल्या. ज्या लाकडाने छप्पर पेलले होते तेच लाकूड घरातल्या माणसांना घेऊन गेले. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी भागात पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती जोखीम कमी करण्याच्या कामातही ते गेले. समाजकार्यकर्ते शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. मदतीचा ओघ देशभरातून आला आणि परदेशातूनही. त्या मदतीची कहाणी अनेकांनी लिहिली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही.

ढिगाऱ्यांची पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट ठिकठिकाणी दिसली. पुष्कळ घरांत लाकडी सांगाडा उभा होता. खांब, तुळया, वरचे छप्परही कुठे कुठे जागेवर, आणि भोवतीच्या भिंती मात्र चारी बाजूंनी खाली. म्हणजे ज्या लाकडाला माणसे नाजूक समजत होती ते टिकले आणि ज्या दगडावर विसंबली होती तो पडला. गावाच्या कडेला, कुडाच्या नि हलक्या छपराच्या झोपड्यांत राहणाऱ्या गरिबांवर पडायला टनावारी दगड नव्हते. थोरामोठ्यांचे चिरेबंदी वाडे त्या रात्री अधिक घातक ठरले.

याच 1993 साली भारतीय मानक ब्युरोने दगड-मातीच्या घरांसाठी भूकंपविषयक मार्गदर्शक प्रसिद्ध केले होते. त्यात सांगितलेली गोष्ट गवंड्याला पाच मिनिटांत समजेल इतकी सोपी आहे: दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका. दर दोन फुटांच्या उंचीला, चार-चार फुटांच्या अंतराने, भिंतीच्या आरपार जाणारा दगड टाका. कोपरे एकमेकांत गुंफा. दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती एक अखंड पट्टा फिरवा, म्हणजे कमरेला करगोटा बांधावा तशा चारी भिंती एकत्र बांधल्या जातील. हे ज्ञान देशात होते. ते दिल्लीत आणि रुरकीत होते. किल्लारीत नव्हते.

भूकंप का झाला यावर शास्त्रज्ञांनी बरीच वर्षे काम केले. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाला ढकलतो आहे आणि त्या रेट्याचा ताण पठाराच्या पोटातल्या जुन्या दुबळ्या भेगांवरही साचतो, हे बहुतेकांना मान्य आहे. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन वर उचलली गेल्याच्या खुणा सापडल्या. माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्याचा त्यात वाटा होता का, यावर मतभेद राहिले. 2002 मध्ये नकाशा पुन्हा बदलला. पहिला गट काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या गटात गेला. देशाच्या कोणत्याही कोपऱ्याला धोका अजिबातच नाही असे म्हणता येणार नाही, हे त्या बदलाने कागदावर मान्य केले.

पुनर्वसन दोन वाटांनी झाले. आपल्याला माहीत असते ती पहिली वाट. जागतिक बँकेच्या कर्जाने आणि देणगीदारांच्या मदतीने 52 गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या मालकीप्रमाणे घरे मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. रस्ते सरळ, चौक आखीव, घरे ओळीत. गुबाळसारख्या गावात तर घुमटाकार घरे उभी राहिली. घरे मजबूत होती यात शंका नाही. पण गाव म्हणजे नुसती घरे नसतात. जुन्या गावात भावकीची घरे एका बोळात, एका अंगणाभोवती असायची. म्हातारी ओट्यावर बसली की तिला सारे गाव दिसायचे. नव्या वसाहतीत गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरले. बैलजोडी कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, ज्वारी कुठे साठवायची, हे प्रश्न आखणी करणाऱ्यांनी फारसे विचारले नव्हते. मग लोकांनी आपापल्या सोयीने घराला खोल्या जोडल्या, पडव्या काढल्या, आणि त्यांतली कितीतरी बांधकामे पट्ट्याशिवाय, आधाराशिवाय झाली. भूकंपात टिकेल असे घर त्यांना मिळाले. तसे घर स्वतः कसे बांधायचे, हे मात्र पुरेसे शिकवले गेले नाही.

दुसरी वाट कमी माहीत आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. 52 गावांच्या पलीकडे, 13 जिल्ह्यांत, सुमारे दोन लाख घरांना तडे गेले होते, भिंती फुगल्या होत्या, कोपरे सुटले होते. ती सगळी पाडून नवी बांधणे कुणालाच शक्य नव्हते. म्हणून दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आली. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला, सल्ला इंजिनिअरचा, काम मालकाने स्वतः करून घ्यायचे. तंत्र साधे होते. भिंतीतला एक दगड हलक्या हाताने बाहेरून काढायचा, मग आतून त्याच्या समोरचा, मधली माती काढून आरपार भोक करायचे. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे. झाला आरपार दगड! जो बांधताना राहिला होता, तो घर उभे असतानाच घालता येतो. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब नि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे लाकूड ठोकायचे. दारांच्या वरून जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा.

सुरुवातीला हे काम रखडले. पैसे कुणाला, किती, कशासाठी, हे गावात कळत नव्हते. भिंतीला भोके पाडून ती मजबूत कशी होणार, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडेल. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावागावांतून बायका निवडल्या आणि सरकारने त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणून मान्यता दिली. बाराशेच्या आसपास गावांत त्या उभ्या राहिल्या. अनेक जणी आदल्या वर्षीपर्यंत चारचौघांत बोललेल्या नव्हत्या. त्या घरोघर गेल्या, हप्त्याचा हिशेब समजावला, गवंड्याच्या शेजारी उभे राहून आरपार दगड पडतो की नाही ते पाहू लागल्या, इंजिनिअर आला नाही तर तालुक्याला जाऊन विचारू लागल्या. घरात रात्रंदिवस वावरणारी बाई भिंतीकडे ज्या नजरेने पाहते ती नजर कोणत्याही पाहणी पथकाकडे नसते. कुठून पाणी झिरपते, कोणता कोपरा दर पावसाळ्यात भिजतो, कुठली खिडकी लावताना अडकते, हे तिला आधीपासून ठाऊक असते. आपत्तीची तयारी या लांबलचक शब्दाला मराठवाड्यात पहिल्यांदा माणसाचा चेहरा मिळाला तो या बायकांचा, असे माझे मत आहे.

26 जानेवारी 2001 ला भूज हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या यांतल्याच काही बायका कच्छमध्ये गेल्या. भाषा वेगळी, मुलूख परका. पण घर पडलेल्या बाईला घर पडलेली बाई काय सांगते, त्याला दुभाषा फारसा लागत नाही. मदत घ्या, पण आपल्या घराचा आराखडा आपण ठरवा, कोपऱ्यावर लक्ष ठेवा, हिशेब लिहून ठेवा. 2004 च्या त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोहोचल्या. दिल्लीत भूजनंतर राष्ट्रीय समिती बसली, तिचे उपाध्यक्ष शरद पवार होते, आणि 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. कायद्याचा इतिहास लिहिताना समित्यांची नावे येतात. किल्लारीच्या संवाद सहायकांचा उल्लेख त्यात मला क्वचितच सापडला.

तरीही या दुसऱ्या वाटेचे यश पुरे नव्हते, हे सांगायलाच हवे. मजबुतीकरणाचे पैसे मिळालेल्या बहुतेक कुटुंबांनी जुनी भिंत सांधली नाही. त्यांनी त्या पैशांत अंगणात सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि रात्री तिच्यात झोपू लागले. त्यांना दोष कसा द्यायचा? ज्या दगडाने घरची माणसे घेतली त्या दगडावर पुन्हा विश्वास ठेवा, असे सांगणे सोपे नव्हते. पण जुनी घरे राहिलीच. त्यांत धान्य, जनावरे, म्हातारी माणसे, आणि कालांतराने भाडेकरूही आले. किल्लारी विस्मरणात जाऊ लागली तशी पुढची पिढी परत त्या भिंतींच्या आत झोपायला गेली. गावोगावचे दगडकाम जाणणारे गवंडीही हळूहळू संपले. नव्या पोरांना विटा आणि काँक्रीट येते. दगडाची भिंत दुरुस्त करायला आज हाक मारावी तर ओ द्यायला माणूस मिळत नाही. सिमेंटवर सगळा भरवसा टाकणे हीही एक नवी चूक आहे. चुकीच्या जागी सळई, कमी सिमेंट, आणि तळमजल्यावर दुकानासाठी काढून टाकलेल्या भिंती, असे काँक्रीटचे घर भूकंपात दगडी घरापेक्षा कमी जीव घेईल याची हमी नाही.

21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोली, नांदेड, परभणीत जमीन हलली. तीव्रता 4.5. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तसाच धक्का. जीवितहानी झाली नाही. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने एक आवाहन केले, जे 1992 च्या ऑक्टोबरमध्ये कोणीतरी किल्लारीत करायला हवे होते. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत, इतकेच.

त्या आवाहनाची खिल्ली काही ठिकाणी उडवली गेली असेल. मला ते गेल्या तीस वर्षांतले सर्वांत शहाणे सरकारी वाक्य वाटले. तेव्हा हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाचे गाव मराठवाड्यात असेल, कोयनेच्या खोऱ्यात असेल, किंवा पालघर-डहाणूच्या पट्ट्यात असेल, जिथे 2018 च्या अखेरीपासून धक्क्यांची मालिका चालू होती, तर पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर एवढे करा. घरावरचे दगड उतरवा आणि पत्रा आकड्यांनी, तारेने बांधून घ्या. माळवदावर चढून मातीची जाडी मोजा. भिंतीला बाहेरून पोट आले आहे का ते ओळंबा सोडून पाहा. आईला विचारा, कोणती खिडकी लावताना अडकते. आणि आजी-आजोबांची खाट त्या भिंतीपासून आजच दूर सरकवा.